शहापासून चेकपर्यंत

‘चेक’ हा शब्द मराठी माणसाला आता कोशात बघावा लागत नाही. बँकेत चेक भरतात. दवाखान्यात चेकअप होतो. चेक्सचा शर्ट इस्त्रीला जातो. शिक्षक सहामाहीचे पेपर चेक करतात, मुलुंडला चेकनाका आहे, आणि घराला कुलूप लावताना आई म्हणते, गॅस बंद केलाय का, एकदा चेक कर. उन्हाळी शिबिरात बुद्धिबळ शिकणारे सात वर्षांचे पोर समोरच्याच्या राजावर घोडा रोखून ‘चेक’ म्हणते. त्याचे आजोबा याच ठिकाणी ‘शह’ म्हणत असत.

नातू आणि आजोबा एकच शब्द उच्चारत होते, हे दोघांनाही ठाऊक नसते. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले होते की बँकेतला चेक, शर्टावरचे चेक्स आणि बुद्धिबळातला चेक यांचा एकमेकांशी काय संबंध? मी सांगितले, काही नाही, तीन वेगळे शब्द आहेत, उच्चार तेवढा सारखा. उत्तर चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे कळायला मला काही वर्षे गेली आणि तोवर ती मुलगी शिकून निघून गेली होती. त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे राहिले, म्हणून हे लिखाण सुरू झाले.

उत्तराची पहिली पायरी आपल्याच घरात आहे. चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला आणि तिथे त्याचा ‘चतरंग’ झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले, तेव्हा खेळही त्यांच्याकडे गेला. अरबीत ‘च’ नाही, म्हणून चतरंगचा ‘शतरंज’ झाला. इराणी खेळाडू प्रतिपक्षाच्या राजावर चाल करताना त्याला सावध करीत: ‘शाह!’ म्हणजे, राजा सांभाळ. खेळ अरबांबरोबर स्पेन आणि इटलीपर्यंत पोहोचला, तेव्हा ही हाकही बरोबर गेली. लॅटिन लिहिणाऱ्यांनी तिचा ‘स्काकुस’ केला, जुन्या फ्रेंचमध्ये तिचा ‘एशेक’ झाला आणि नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमार्गे ती इंग्रजीत ‘चेक’ होऊन उतरली. त्याच ‘एशेक’चे अनेकवचन ‘एशे’. त्यातून इंग्रजीला खेळाचे नाव मिळाले, ‘चेस’. म्हणजे चेस या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुष्कळसे शाह’ एवढाच. जर्मनीत खेळाला ‘शाख’ म्हणतात, इटलीत ‘स्काकी’. रशियात ‘शाखमाती’ म्हणतात आणि त्यात शाह आणि मात दोन्ही अखंड बसलेले आहेत.

मात हा शब्द तर आपण इतका आपला केला आहे की तो बाहेरून आला असे सांगितल्यावर लोक चमकतात. आजारावर मात केली, संकटावर मात केली, असे आपण लिहितो, बोलतो. ती मात बुद्धिबळाच्या पटावरून उठून आपल्या वाक्यात आली आहे. संतवाङ्मयात गोष्ट, वार्ता या अर्थाने येणारी मात वेगळी, हे इथेच नोंदवतो, कारण या दोघींची गल्लत होते. फारसीतल्या ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा अनेक पुस्तकांत छापलेला असतो. अरबीत मरणे या अर्थाचा मिळताजुळता धातू आहे, त्यावरून तो लावलेला आहे. पण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याची फक्त कोंडी होते. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुत्तर. खेळाचा नियम या दुसऱ्या अर्थाच्या बाजूने आहे आणि मीही त्याच बाजूचा आहे.

आणखी मागे गेले तर शाह हा शब्द इराणातल्या बेहिस्तूनच्या कातळावर भेटतो. दारयवहू राजाने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास तिथे जो लेख कोरवला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. त्याचे झिजत झिजत ‘शाह’ झाले. संस्कृतातला ‘क्षयति’, म्हणजे सत्ता चालवतो, हा त्याच कुळातला. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ही त्याच कुळातले. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘शहर’ हा मुळात ‘राज्य’ या अर्थाचा, म्हणजे क्षत्रचाच इराणी भाऊ. तेव्हा इंग्रजी चेक आणि संस्कृत क्षत्रिय यांचे दूरचे नाते लागते, ही अतिशयोक्ती नव्हे.

पण इथेच पाय घसरतो. एकदा नाती दिसू लागली की माणसाला जिथेतिथे नाती दिसतात. छत्रपती हा शब्द छत्रावरून आला आहे, क्षत्रावरून नाही. गुजराती शहा हे आडनाव इराणी शाहाचे नाही, ते साधू-साहू या ओळीतले, सावकारीच्या अंगाने आलेले. शहाणा म्हणजे शाहासारखा, असे एकाने मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. तेही खरे नाही. आणि चेक भाषा, चेक प्रजासत्ताक यांतला चेक तर निव्वळ देवनागरीत सारखा दिसतो. या सगळ्या चकव्यांची चर्चा पुस्तकात मुद्दाम केली आहे, कारण शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला खरी वाट जितकी माहीत असावी लागते तितक्याच चुकीच्या वाटाही.

पटावरची ही हाक बँकेत कशी गेली? इथे मला वाचकाला थोडे थांबवायचे आहे, कारण सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग हाच आहे.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाचा महसूल मोजायला वर्षातून दोनदा दरबारी बसत, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना. समोर मोठे मेज. राजाचा कोषाध्यक्ष रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास या कारभारावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला, त्यात त्या मेजाचे माप दिले आहे: साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, कडेला चार बोटे उंच काठ, म्हणजे वर ठेवलेले काही खाली पडू नये. मेजावर काळे कापड, त्यावर रेघा आखलेल्या. रेघांच्या रकान्यांत चकत्या मांडून हिशेब करायचा. रोमन आकड्यांनी बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे आणि शून्याची चाल त्या मंडळींना तेव्हा ठाऊक नव्हती. म्हणून एकेका रकान्याला एकेक स्थान दिले होते आणि रिकामा रकाना शून्याचे काम करी. बुद्धिबळाच्या पटासारखे दिसणारे हे कापड, म्हणून त्या कचेरीचे नावच ‘स्काकारियम’ पडले, इंग्रजीत ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो.

फिट्झनील नुसत्या दिसण्यावर थांबत नाही. तो म्हणतो की पटावर दोन राजे लढतात, तसे या मेजावरही दोघे लढतात, एका बाजूला कोषाध्यक्ष आणि दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचा वसुली अधिकारी, आणि बाकीचे पंच म्हणून बघत बसतात. आठशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारी अधिकाऱ्याने आपल्या कचेरीच्या नावाचा असा विचार करून ठेवावा, याचे मला अपार अप्रूप आहे. वसुली अधिकाऱ्याने किती भरले याचा पुरावा म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी. ती उभी चिरून दोन भाग करीत. एक भाग भरणाऱ्याकडे, दुसरा कचेरीत. पुढच्या वेळी दोन्ही भाग जुळवायचे. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. इंग्लंडमध्ये ही पद्धत शतकानुशतके चालली. नंतर निरुपयोगी झालेल्या काठ्या संसदेच्या भट्टीत जाळताना १६ ऑक्टोबर १८३४ रोजी आग भडकली आणि जुन्या संसदभवनाचा बहुतेक भाग जळून गेला.

चौकडीच्या कापडाला चेक म्हणतात ते बुद्धिबळाच्या पटावरूनच. पोर्तुगीजांनीही असेच केले. त्यांच्याकडे खेळाचे नाव शतरंजवरून ‘शद्रेश’ झाले आणि तोच शब्द चौकटीच्या कापडालाही लागला. ब्राझीलमध्ये तर बोलीत तुरुंगाच्या कोठडीलाही तेच म्हणतात. मूळ शब्द वेगळा, पण पट पाहून माणसाला जे सुचायचे ते दोन्हीकडे सारखेच सुचले.

आता दुसरी शाखा. राजाला शह बसला की खेळाडूला दुसरी कोणतीही चाल करता येत नाही. हातातले सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा सोडवायचा. खेळाच्या या एका नियमामुळे चेकला ‘अडवणे’ हा अर्थ मिळाला. आधी अचानक बसलेला अटकाव, मग घोड्याचा लगाम खेचणे, मग माणसाला, सैन्याला, रागाला आवरणे. राजकीय विचारात हाच अर्थ पुढे आला. अमेरिकेचे संविधान १७८७ मध्ये लिहिले गेले आणि त्याच्या समर्थनार्थ जी निबंधमाला निघाली, तिच्यातल्या जेम्स मॅडिसन यांनी पुढच्या वर्षी लिहिलेल्या ५१ व्या निबंधात सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला अडवायचे कसे याची मांडणी आहे. आपल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘नियंत्रण आणि संतुलन’ म्हणून जे शिकवतात, त्यातल्या नियंत्रणाच्या मागे हाच चेक उभा आहे. लोकशाहीत राजा नाही, पण सत्तेवर बसणाऱ्याला शह देण्याची सोय शब्दानेही टिकवून ठेवली आहे.

आणि तपासणे हा अर्थ? तो सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिर झालेला दिसतो. अडवणे ते तपासणे हा प्रवास मला बरेच दिवस उमगत नव्हता. ‘कंट्रोल’ या शब्दाने तो उलगडला. कंट्रोलचा मूळ अर्थ प्रतिवही. एका वहीतली नोंद खरी आहे का हे पाहायला दुसरी वही ठेवायची, तिच्यावरून कंट्रोल. तपासण्याच्या साधनावरून तो ताब्यात ठेवण्यापर्यंत गेला, इतका की आपल्याकडे ‘कंट्रोलचे धान्य’ आले. चेक बरोबर उलट्या वाटेने आला, अडवण्यापासून तपासण्यापर्यंत. दोन्ही वाटा एकाच जागी एकमेकींना ओलांडतात. हिशेबाच्या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या की लबाडी अडते आणि खरेखोटेही कळते. मराठीत याला आपण ‘ताळा पाहणे’ म्हणतो. ताळेबंदातला हा ताळा किती नेमका शब्द आहे!

बँकेचा चेक याच जागी जन्मला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे पैशाचा आदेश नव्हे, तर त्याची मागे राहणारी अर्धी चिठ्ठी, खोटेपणाला आळा घालणारी. काठीच्या दोन भागांचीच ही कागदी आवृत्ती. हळूहळू नाव मागच्या चिठ्ठीवरून पुढच्या कागदावर सरकले. ब्रिटनमध्ये एक्सचेकरच्या छायेत स्पेलिंगच्या शेवटी क्यू-यू-ई आले, अमेरिकेत सी-के राहिले, आणि तिथल्या हॉटेलात जेवणाच्या बिलालाही चेक म्हणू लागले. चेकबाबतच्या आपल्या १८८१ च्या कायद्यात ब्रिटिश स्पेलिंग आहे आणि १९८८ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात न वटलेल्या चेकबद्दल शिक्षेचे १३८ वे कलम आले. ‘वटणे’ हे क्रियापद मात्र हुंडीचे. ‘चेक वटला’ या दोन शब्दांत इराणी राजा आणि मराठी सावकार शेजारी बसलेले आहेत.

एवढे सांगितल्यावर नवख्या वाचकाला व्युत्पत्तीचे हे शास्त्र कुठून कुठे आले ते थोडक्यात सांगायला हवे.

शब्दाचे मूळ सापडले की खरा अर्थ सापडला, ही समजूत फार जुनी आहे. आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात शाकटायनाचा पक्ष असा की सगळी नामे धातूंपासून आली. गार्ग्याने विचारले, रस्ता आक्रमतो म्हणून घोडा अश्व असेल, तर रस्त्याने चालणारा प्रत्येकजण अश्व का नाही? हा प्रश्न आजही तितकाच अवघड आहे. चेकमध्ये राजा आहे म्हणून बँकेत राजा शोधू गेले तर हाती काही लागत नाही. पुढे १७८६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हॉर्न टूकने इंग्रजी शब्दांचा उगम मनाजोगता लावून दाखवणारे पुस्तक छापले. त्याच वर्षी कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असे भाषण केले. पहिली वाट बंद झाली, दुसऱ्या वाटेवर बॉप यांनी तुलनात्मक व्याकरण आणि ग्रिम यांनी ध्वनिबदलाचे नियम उभे केले. तिथून व्युत्पत्ती हा अंदाजाचा खेळ राहिला नाही.

यानंतर कोशकारांचे युग. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पुरे झाले. शब्दाचा प्रत्येक अर्थ केव्हा, कुठे, कोणत्या वाक्यात दिसला याचे दाखले त्यांनी जमवले. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केले आणि लोकांनी चिठ्ठ्या पाठवल्या. आपल्याकडे मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश आणि राजवाड्यांचे अफाट, वादग्रस्त, तरीही पुन्हा पुन्हा उघडावे असे काम, या सगळ्यांवर मी पोसलो आहे.

अर्थ बदलतो तो का, हा प्रश्न फ्रान्समध्ये मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या ग्रंथात स्वतंत्र शास्त्र म्हणून मांडला. त्यांचे शिष्य आंत्वान मेये यांनी त्यात समाज आणला: शब्द एका व्यवसायाच्या गटातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. चेकला हे तंतोतंत लागू पडते. खेळाडू, दरबारी कारकून, स्वार, सावकार, घटनाकार, विणकर, प्रत्येकाने तो आपल्या कामाला लावला. पुढे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी सगळ्यांना वेगळ्याच दिशेला वळवले. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत भाषेची तुलना बुद्धिबळाशी आहे. पटावरची स्थिती समजायला आधीच्या चाली माहीत असाव्या लागत नाहीत, तसे बोलणाऱ्याला शब्दाचा इतिहास लागत नाही. खेळ इराणातून युरोपात आला ही तर बाहेरची गोष्ट, असेही त्यांनी तिथेच म्हटले आहे. बोलणाऱ्यापुरते ते खरेच आहे. गॅस चेक करणाऱ्या आईला दारयवहू माहीत असायची गरज नाही. पण शिकणाऱ्याला आणि भाषांतर करणाऱ्याला आधीच्या चाली कळल्याशिवाय पट उलगडत नाही, असे मला ठामपणे वाटते. सी. एस. लुइस यांनी १९६० मध्ये आणि रेमंड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये एकेका इंग्रजी शब्दाचे चरित्र लिहून इतिहास पुन्हा दारात आणला. मी त्यांच्याच मागे चाललो आहे.

हे सगळे आज मराठीत का? आपली मुले इंग्रजी शब्द याद्यांतून शिकतात. चेक म्हणजे धनादेश, तपासणे, अडवणे, चौकट, शह. पाच अर्थ, पाच पाठांतरे, मधला धागा तुटलेला. परिभाषा बनवणाऱ्या समित्याही एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द देऊन मोकळ्या होतात. फारसीला पर्याय देण्यासाठी शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यामागची तळमळ मी मानतो. पण प्रतिशब्द ठेवला की शब्दाचे गोत बरोबर येत नाही. भाषांतराचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि कोणता अर्थ निवडायचा हे ते यंत्रच ठरवते. निवड चुकली तर ते ओळखण्याचे भान माणसाजवळ असायला हवे. शिवाय या शब्दाचे निम्मे गणगोत आपल्याकडेच नांदते आहे. परकी भाषा परकी वाटणार नाही, असा हा दुर्मीळ दुवा आहे.

पुस्तकाची मर्यादाही सांगतो. हा कोश नाही. यात एकच शब्द आहे आणि तोही मी सगळा सांगितलेला नाही. शिकारी ससाण्यांच्या परिभाषेत चेकला जे अर्थ होते त्यांना जेमतेम स्पर्श केला आहे. संगणकातल्या नव्या अर्थांवर लिहायला माझ्याहून जाणकार माणूस हवा. प्रकरणे काळाच्या क्रमाने नाहीत. प्रत्येक प्रकरण एका जागेवर उभे आहे, पट, मेज, पेढी, माग, सभागृह आणि शेवटी आपला रस्ता. वाचकाने हवे तिथून आत शिरावे.

शेवटचे, म्हणजे रस्त्याचे प्रकरण अपुरे आहे आणि ते मी एकट्याने पुरे करू शकत नाही. एसटीत, बाजार समितीत, कापडाच्या दुकानात, दवाखान्यात, गोव्यात, बेळगावात, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत आणि परदेशातल्या मराठी मुलांच्या तोंडी चेक, शह आणि मात कसे वापरले जातात, याच्या नोंदी मला हव्या आहेत. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे लिहावे, सुधारू नये. सोबत गाव, साल आणि बोलणाऱ्याचा व्यवसाय लिहावा, बोलणाऱ्याचे नाव नको. नोंदी प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवाव्यात. पुढच्या आवृत्तीत त्या प्रकरणाची सुरुवात त्यांनीच होईल.